मोरीच्या पाण्यावर वैशाखाचा बहर

बीड : चैत्र सरत आला की बालाघाटाच्या डोंगररांगा करड्या पडतात. बिंदुसरेच्या पात्रात गोटे तेवढे उरतात. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पारा चाळिशी ओलांडून गेल्यावर दुपारी बारा ते पाच या वेळात शहरातील रस्त्यांवर रसवंतीच्या घुंगरांखेरीज दुसरा आवाज उरत नाही. नेमक्या याच दिवसांत, संध्याकाळी सातच्या सुमारास, जुन्या बीडमधील एखाद्या गल्लीतून सहज चालत निघावे. कोणत्या तरी भिंतीपलीकडून मोगऱ्याचा असा दरवळ येतो की पाऊल आपोआप थबकते. भिंतीवरून डोकावणारा पांढरा चाफा पानाविना नुसता फुलांनी लगडलेला असतो. दारातील कडुनिंबाखाली बारीक फुलांचा सडा पडलेला असतो. ओसरीवरच्या माठात वाळ्याची जुडी आणि त्यावर तरंगणारी दोन-चार मोगऱ्याची फुले! बाहेरून आलेल्या पाहुण्याला त्या पाण्याचा पहिला घोट लागतो, तेव्हा साऱ्या उन्हाचे सार्थक झाल्यासारखे वाटते.

सरासरी पर्जन्यमान वर्षाला जेमतेम साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही दोन-चार वर्षांनी एखादे वर्ष कोरडे, असा हा जिल्हा. टँकर हा शब्द येथील लहान मुलालाही ठाऊक असतो. अशा ठिकाणी ऐन वैशाखात ही फुले येतात कोठून, हा पहिला प्रश्न. आणि शेजारच्या वस्तीत हंड्यांची रांग लागलेली असताना आपल्या कुंडीत पाणी ओतावे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वनस्पतिशास्त्र देते. दुसऱ्याचे उत्तर बरेचसे घराच्या रचनेत आहे.

ताणातून येणारा बहार

शहरी माणसाचा समज असा, की झाड फुलते ते पाण्यामुळे. शेतकऱ्याला हे अर्धेच खरे असल्याचे माहीत असते. मराठवाड्यातील मोसंबी आणि डाळिंबाच्या बागांत बहार धरताना झाडाला आधी ताण देतात, म्हणजे काही आठवडे पाणी तोडतात. झाडाची वाढ थांबते, काही पाने गळतात, आणि फांद्यांत तयार झालेले अन्न नव्या पालवीवर खर्च न होता साठून राहते. मग मुळ्या थोड्या उघड्या करून खत घातले आणि पाणी सोडले की साठवलेले सारे बळ एकदम कळ्यांच्या रूपाने बाहेर पडते. आंबिया, मृग आणि हस्त हे तिन्ही बहार याच तत्त्वावर धरले जातात.

घरच्या मोगऱ्याचे गणितही हेच. पौष-माघात पाणी कमी करावे, फांद्या निम्म्याने छाटाव्यात, बुंध्याभोवतीची माती हलकेच उकरून शेणखत घालावे आणि मग पाणी द्यावे. मोगऱ्याची फुले जुन्या लाकडावर येत नाहीत, नव्या कोवळ्या फुटीच्या टोकाला येतात. म्हणून छाटणीला हात आखडला की उन्हाळ्यात पाने भरपूर आणि फुले मोजून चार, अशी गत होते. ज्या घरांतून 'आमचा मोगरा फुलतच नाही' ही तक्रार ऐकू येते, तेथे बहुधा झाडाचे लाड जास्त झालेले असतात.

बोगनवेलीची तर तऱ्हाच न्यारी. तिला पाणी कमी पडले की ती रंगते आणि रोज पाणी घातले की नुसता हिरवा पसारा वाढतो. आपण ज्यांना तिच्या पाकळ्या समजतो ती वास्तविक रंगीत पाने असतात. खरे फूल आत, पांढरट आणि नखाएवढे.

पांढऱ्या चाफ्याचे खोड मांसल असते. त्यात पाणी आणि चीक साठलेला असल्यामुळे पानांचा संसार उतरवून ठेवूनही त्याला फुलता येते. पान नाही म्हणजे पाण्याची वाफ होऊन जाण्याची मोठी वाट बंद, आणि त्या काटकसरीतून वाचलेले सारे फुलांवर खर्च. या चाफ्याचा सुवास रात्री वाढतो तो पतंगांना बोलावण्यासाठी. गंमत अशी की त्या फुलात मध नसतो. बिचारे पतंग वासाला भुलून येतात, परागकणांची ने-आण करतात आणि उपाशीच परततात. बीडचे प्राचीन नाव चंपावतीनगर असे सांगितले जाते आणि आजही शहरात ते नाव अभिमानाने मिरवले जाते. त्या नावातील चंपा म्हणजे मात्र पिवळा सोनचाफा असावा. कारण हा पांढरा चाफा मूळचा अमेरिका खंडातला आणि पोर्तुगीज काळानंतर आपल्याकडे रुळलेला. गुलमोहर आणि सदाफुली मादागास्करची, सीताफळही अमेरिकेकडचेच. दुष्काळी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या मातीने साऱ्यांना असे सामावून घेतले की आता त्यांना परके म्हणवत नाही. बीडच्या सीताफळाला तर 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

या सगळ्यात खास आपला म्हणावा असा कडुनिंब. पाडव्याला त्याचा कोवळा पाला आणि फुले गुळाबरोबर खाऊन वर्ष सुरू होते. त्यानंतर महिनाभर त्याच्या सावलीत चैत्रगौरीचे हळदीकुंकू, कैरीची डाळ आणि पन्हे. खोलवर गेलेल्या मुळ्यांनी वर ओढलेले पाणी तो पानांवाटे वाफेने सोडतो, म्हणून त्याची सावली पत्र्याच्या शेडखालच्या सावलीपेक्षा थंड लागते. ज्यांच्या अंगणात कडुनिंब आहे, त्यांनी कूलरच्या पाण्याचा आणि विजेच्या बिलाचा हिशेब एकदा करून पाहावा.

परस आणि मोरी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. परस म्हणजे घरामागची जागा. जुन्या वाड्यांत न्हाणी आणि भांडी घासण्याची मोरी मागच्या बाजूला असे, आणि तिचे पाणी दगडी पन्हाळीतून थेट परसात उतरे. पाणी उतरते तेथे अळू आणि कर्दळ, त्यांच्यापुढे केळीचे दोन-तीन खुंट, त्याहून पुढे लिंबू, कढीपत्ता, जास्वंद, आणि अगदी कडेला पाणी पोहोचत नाही तेथे शेवगा व सीताफळ. ही रचना कोणा वास्तुविशारदाने आखलेली नव्हती. ज्या झाडाला जेवढे पाणी लागते तेवढ्या अंतरावर ते आपसूक लावले जाई. कर्दळ आणि अळू यांच्या मुळ्यांतून गाळले जाऊन पाणी पुढे सरके. परसबागेसाठी विहिरीचा वेगळा पोहरा सहसा काढला जात नसे. ती उरलेल्या पाण्याची बाग होती.

सिमेंटची घरे आली, मोरीचे पाणी नळीवाटे गटारात गेले आणि बाग पुढच्या दारात, शोभेच्या कुंड्यांत आली. या कुंड्यांना पाणी द्यायचे कोणते, तर नळाचे अथवा विकतच्या टँकरचे! चैन आणि टंचाई यांचा संघर्ष उभा राहिला तो येथे. बीड शहराला माजलगाव धरणातून आणि पालीच्या बिंदुसरा प्रकल्पातून पाणी येते. पाऊस दगा देतो त्या वर्षी दोन्हीकडे खडखडाट होतो आणि नळाच्या दोन पाळ्यांमधील दिवस वाढत जातात. अशा वेळी पाइप लावून हिरवळ भिजवणाऱ्याकडे गल्ली कोणत्या नजरेने पाहते, हे सांगायला नको. ती नजर रास्तच म्हणावी लागेल.

2016 चा उन्हाळा अनेकांच्या स्मरणात असेल. लातूर शहराची तहान भागवणारा मांजरा प्रकल्प केज तालुक्यात धनेगावला, म्हणजे बीड जिल्ह्यातच आहे. तो कोरडा पडला आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. धरणाच्या तळाला अशा भेगा पडलेल्या असताना पिण्याचे पाणी फुलांना घालणे कोणाच्याही मनाला पटणार नाही. पण आंघोळ तर त्या वर्षीही सगळ्यांनी केली, भांडी तर घासलीच. ते पाणी गेले कोठे?

बादलीचा हिशेब

पाच माणसांचे घर धरू. माणशी पंधरा लिटरची एक बादली आंघोळीला, म्हणजे पंचाहत्तर लिटर. भाज्या-तांदूळ धुण्याचे आणि भांडी विसळण्याचे साधारण पंचवीस. या शंभरातील जेमतेम निम्मे हाती लागले तरी रोज चाळीस-पन्नास लिटर पाणी झाडांसाठी उरते. मध्यम आकाराच्या कुंडीला भर उन्हाळ्यात दिवसाला दीड लिटर पुरते. म्हणजे वीस कुंड्यांना तीस लिटर. उरलेल्यात एक लिंबू आणि एक कढीपत्ता सहज जगतो. टंचाईकाळात ग्रामीण भागात टँकरने माणशी वीस लिटर पाणी देण्याचा शासकीय हिशेब आहे. तेवढ्यावरही न्हाणीतून थोडे उरतेच. बाग अशा वर्षी निम्मी होते, पण मरत नाही.

फार पुढचा विचार करणाऱ्यांनी छताकडे पाहावे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षभरात साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे साठ हजार लिटर पाणी पडते. गळती आणि बाष्पीभवन वजा जाता पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार लिटर हाती यावे. फेब्रुवारीपासून मृगापर्यंतचे एकशे तीस दिवस रोज चाळीस लिटर धरले तरी बागेची गरज 5,200 लिटर, म्हणजे एका टाकीची.

जमिनीखालचे पाणी मुरवून, झाकून, दूरवर नेण्याची कला या शहराला नवी नाही. सोलापूर रस्त्यावरची खजाना विहीर 1582 च्या सुमारास, मूर्तजा निजामशहाच्या काळात, सलाबतखानाने बांधवली. तिचे पाणी भूमिगत नहरीने, मोटेशिवाय, केवळ उताराच्या बळावर शहरालगतच्या बागायतीपर्यंत जाई. ऊन लागत नसल्यामुळे वाटेत वाफ होऊन ते उडत नसे. घरच्या बागेलाही नेमके हेच तत्त्व लागू पडते. वरून शिंपडलेल्या पाण्यातले बरेचसे उन्हाचेच होते.

पाणी जमिनीखाली देण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मडके. बिनझिलईचे, पाच-सात लिटरचे मडके झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे, त्यात पाणी भरावे आणि तोंड झाकावे. माती कोरडी झाली की ती मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी ओढून घेते, ओली असली की ओढ थांबते. झाडाने मागावे आणि मडक्याने द्यावे, असा हा व्यवहार आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथात या पद्धतीचे वर्णन सापडते. सुट्टीला गावी जाणाऱ्यांची बाग तीन-चार दिवस याच्या भरवशावर सोडता येते. मात्र मडक्यात साबणाचे पाणी कदापि भरू नये. छिद्रे बुजतात.

दुसरा उपाय आच्छादनाचा, आणि त्यासाठी बीडकरांना पैसे मोजावे लागत नाहीत. चौकाचौकांतल्या रसवंतीमागे उसाच्या चिपाडांचा ढीग पडलेला असतो. ती आणून दोन दिवस कडक उन्हात वाळवावीत, नाहीतर गोडव्याला मुंग्या लागतात. मग तुकडे करून कुंडीत दोन बोटे जाडीचा थर पसरावा. माती झाकली गेली की पाणी टिकते, मुळ्या भाजत नाहीत आणि पावसाळ्यापर्यंत त्याच चिपाडाचे खत होऊ लागते. सर्वाधिक पाणी पिणारे पीक असा ज्या उसावर आरोप होतो, त्याने निदान एवढी भरपाई करावी.

साबणाचे काय?

मोरीचे पाणी म्हटले की हा प्रश्न येतोच, आणि तो योग्यच आहे. पूर्वी भांडी राखेने आणि काथ्याने घासली जात, केसांना रिठा-शिकेकाई असे. राखेतून उलट पालाशच मिळे. आजच्या धुण्याच्या पावडरीत सोडा असतो आणि सोड्यातले सोडियम काळ्या मातीचे वैरी आहे. काळ्या मातीतील चिकण कण एरवी एकमेकांना धरून असतात. सोडियम वाढले की ते सुटे होतात, पाण्याबरोबर खाली जाऊन छिद्रे बुजवतात आणि मग वर पाणी साचते, खाली मूळ गुदमरते. मातीवर पांढरट पापुद्रा दिसू लागला की समजावे, मर्यादा संपली.

म्हणून कपडे धुतलेले पहिले पाणी बागेला देऊ नये. आंघोळीचे, भाज्या-डाळी धुतलेले आणि भांडी शेवटची विसळलेले पाणी चालते. ते साठवून ठेवू नये, त्याच दिवशी संपवावे, नाहीतर दुर्गंधी आणि डास दोन्ही होतात. एकाच झाडाला रोज न देता आलटून पालटून द्यावे. पावसाळ्यातले एक-दोन जोरदार पाऊस कुंडीतून आरपार जाऊ द्यावेत. मातीने पापुद्रा धरलाच असेल तर कुंडीत चमचाभर जिप्सम मिसळावे. त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. कोथिंबीर, पुदिना असे जे कच्चे खायचे, त्याला मात्र हे पाणी नकोच. ते एखाद्या कुंडीपुरते चांगल्या पाण्यावर वाढवावे. एवढी चैन क्षम्य मानावी.

आणखी एक गोष्ट, जी लेखांतून सहसा लिहिली जात नाही. पाणी वाचवण्याचा हा सारा हिशेब अखेर घरातील एका व्यक्तीच्या कमरेवर येतो. न्हाणीतली बादली उचलून गच्चीपर्यंत नेणारी बहुतेक घरांत गृहिणीच असते. बागेचे कौतुक घेणारे हात आणि बादली उचलणारे हात निराळे असतील, तर ती बाग दोन उन्हाळ्यांपलीकडे टिकत नाही. न्हाणीच्या नळीला साधा जोड देऊन पाणी उताराने कर्दळीच्या वाफ्यात सोडणे प्लंबरला अर्ध्या दिवसाचे काम आहे.

कुलूपबंद अंगणे

शहर सोडून पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीकडे गेले की बागेचा निराळाच अर्थ कळतो. दसरा-दिवाळी आटोपली की येथील लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडल्यावर, पाडव्याच्या आगेमागे परततात. पाच-सहा महिने घराला कुलूप. अंगणात पाणी घालायला घरी राहिलेली म्हातारी माणसे असली तर असली. अशा अंगणांत काय तग धरते, याकडे पाहिले तर दुष्काळी बागेची यादी आयती तयार मिळते : कडुनिंब, शेवगा, सीताफळ, कोरफड, कण्हेर, चाफा. सीताफळाचा पाला शेळी तोंडात धरत नाही, कण्हेरीला कोणतेच जनावर शिवत नाही. शेवगा तर मालक परततो तेव्हा शेंगांनी लोंबत असतो. सहा महिने पाचटाच्या कोपीत राहून आलेल्या कुटुंबाला घरात भाजी अशी पहिली मिळते ती दारच्या शेवग्याची. एखादा फाटा वाऱ्याने मोडून पडलेला असतो. तोच दुसऱ्या कोपऱ्यात रोवला की पावसात त्याचे झाड होते.

मग येते अक्षय तृतीया. या दिवशी आळी करून दोडका, कारले, भोपळ्याचे बी टोवण्याची रीत जुनी आहे. त्यामागील व्यवहार साधा : मृगाला अजून महिनाभर अवकाश असतो, तेवढ्या काळात आळ्यापुरते ओंजळभर पाणी घालून वेल हातभर वाढवला की पहिल्या पावसाला तो छपरावर झेप घ्यायला तयार असतो. जूनमध्ये बी टाकणाऱ्यांपेक्षा महिनाभर आधी भाजी मिळते. शहरातही हे करता येते. जुना माठ, फुटकी घागर, सिमेंटची गोणी, काहीही चालते. वेलाला वर जायला दोरी हवी एवढेच.

झाडांविषयीचे प्रेम या जिल्ह्यात कमी आहे, असे कोणी म्हणू नये. शहराजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर सह्याद्री देवराईची झाडे उभी राहिली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये तेथे वृक्षसंमेलन भरले. संमेलनाध्यक्षपद कोणा साहित्यिकाला न देता वडाच्या झाडाला देण्यात आले होते. एवढे निर्विवाद अध्यक्ष मराठी संमेलनांना क्वचितच लाभले असतील.

सकाळी सहा ते साडेसात आणि संध्याकाळी सूर्य कलल्यावर, एवढाच वैशाखातील बागेचा खरा वेळ. त्या वेळी परळात ठेवलेल्या पाण्यावर बुलबुलांची जोडी आणि सातभाईंचा कलकलाट चालतो, जास्वंदीवर शिंजीर लटकून मध ओढतो. गच्चीवर एका बाजूला कुरडया-पापडांचे वाळवण, दुसरीकडे गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखर भरलेली गुलकंदाची बरणी उन्हात ठेवलेली. मोगऱ्याच्या कळ्या चार वाजताच काढून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर सातला घरात उमलतात. झाडावर ठेवल्या तर शेजाऱ्यांनाही वास मिळतो. ज्याचा त्याचा स्वभाव!

ज्यांच्याकडे अजून काहीच नाही, त्यांनी आरंभ चाफ्याने करावा. त्यासाठी वैशाखच उत्तम. ओळखीच्या दारातून अंगठ्याएवढी जाड, हातभर लांबीची फांदी मागून आणावी. तोडल्यावर वाहणारा चीक डोळ्यांपासून जपावा. फांदी सावलीत आठवडाभर तशीच पडू द्यावी, म्हणजे कापलेला भाग सुकून बंद होतो. मग ती निम्मी वाळू आणि निम्मी माती भरलेल्या कुंडीत चार बोटे खोल रोवावी आणि पहिले आठ-दहा दिवस तिला अजिबात पाणी घालू नये. ओल लागली तर ती कुजते.